सोनेरी सूर्यपतंग: ओळखायचा कसा आणि शोधायचा कुठे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनिना, वेरिबी, मेल्टन या भागांत गेल्या काही वर्षांत खूप मराठी कुटुंबं राहायला आली. आमचंही घर इकडेच आहे. दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीच्या लोकांचे फोटो यायला लागतात: "घरामागच्या मोकळ्या जागेत हे दिसलं, तुझा तो पतंग हाच का?" त्या सगळ्यांना एकेक करून जे सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते आहे.

हा पतंग नेमका कोणता?

इंग्रजी नाव गोल्डन सन मॉथ, शास्त्रीय नाव सिनेमॉन प्लाना. फ्रान्सिस वॉकर यांनी १८५४ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. मराठीत त्याला नाव असायचं कारण नाही, कारण तो फक्त आग्नेय ऑस्ट्रेलियात सापडतो. आमच्या घरात आम्ही त्याला सोनेरी सूर्यपतंग म्हणतो. पंख पसरल्यावर नर साधारण ३४ मिलिमीटर, मादी ३१. म्हणजे इथल्या पन्नास सेंटच्या नाण्याएवढा, किंवा आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून थोडासा मोठा.

पतंग तर रात्री दिव्यावर येतात. हा दिवसा कसा उडतो?

सगळे पतंग रात्रीचे नसतात. हा कॅस्टनिइडी कुळातला. त्याच्या सिनेमॉन या प्रजातीतले सगळे ऑस्ट्रेलियन भाऊबंद उन्हातच उडतात, म्हणून तर त्यांना सूर्यपतंग म्हणतात. ढग आला की हे खाली बसतात, ढग सरकला की पुन्हा उठतात. माझ्या डोळ्यांसमोर अख्खा माळ असा एका ढगाखाली शांत झालेला मी पाहिला आहे.

त्यामुळे अंगणात दिवा आणि पांढरी चादर लावून हा मिळणार नाही. डोक्यावर टोपी घालून भर दुपारीच जावं लागतं.

मग हे फुलपाखरू नाही हे कशावरून?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि त्यात विचारणाऱ्याची चूक नाही. शाळेत आपण शिकलो की फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते आणि पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या असतात. सूर्यपतंग या नियमाला अपवाद आहेत. त्यांच्या मिशांनाही टोकाला स्पष्ट गाठ असते, आणि वर ते दिवसा उडतात. मीसुद्धा पहिल्या वर्षी त्याला फुलपाखरूच समजले होते.

मिशा सोडा आणि बसण्याची ढब बघा. बहुतेक फुलपाखरं बसली की पंख पाठीवर उभे मिटतात, हात जोडल्यासारखे. सूर्यपतंग पंख उतरत्या छपरासारखे अंगावर ठेवतो, पुढचे पंख मागच्या पंखांना झाकून टाकतात. अशा वेळी तो वाळल्या गवताच्या काडीवरचा राखाडी डाग दिसतो, त्यापलीकडे काही नाही.

दुसरी खूण माझ्या मते याहून पक्की. प्रौढ सूर्यपतंगाला खाण्यापिण्यासाठी तोंडच नसतं. एखादा जीव फुलावर बसून सोंडेने मध पितोय असं दिसलं, तर पंख कसेही असोत, तो हा नव्हे.

नर आणि मादी कसे ओळखायचे?

नराच्या पुढच्या पंखांवर वरून गडद तपकिरी रंग आणि त्यात फिकट राखाडी नक्षी असते. मागचे पंख कांस्यासारखे तपकिरी, त्यावर आणखी गडद ठिपके. उडताना तो निव्वळ तपकिरी दिसतो. नाव 'सोनेरी' आणि समोर हा मळकट जीव, यामुळे बरेच जण त्याला पाहूनही पुढे निघून जातात.

नावातलं सोनं मादीकडे आहे. तिचे पुढचे पंख राखाडी-तपकिरी, पण मागचे पंख झगझगीत केशरी आणि कडेने काळे ठिपके. हे मागचे पंख आकाराने लहान असतात, त्यामुळे ती फारशी उडत नाही. गवताच्या दोन ठोंबांमधल्या उघड्या जमिनीवर किंवा आखूड काडीवर ती बसून राहते. वरून नर जाताना दिसला की पुढचे पंख बाजूला करून केशरी पंख उघडते. बरेच पतंग जोडीदाराला गंधाने बोलावतात, ही मात्र रंगाने बोलावते. म्हणून नर जमिनीपासून मीटरभर उंचीवरून, झपझप, वळणं घेत, गवतावर नजर ठेवून फिरत असतात. त्यांना ती खालची केशरी ठिणगी दिसायला हवी.

गवत उंच आणि दाट झालं तर ही ठिणगी कोणाला दिसणारच नाही. या पतंगाला कसली जागा लागते त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे, पुढे त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

मला केशरी पंखांचं काहीतरी उडताना दिसलं. हाच असेल ना?

बहुधा नाही. केशरी दिसलं आणि ते लांबवर उडत गेलं, तर ते फुलपाखरू असण्याची शक्यता जास्त. मादी इतकी उडत नाही. ऑस्ट्रेलियन पेंटेड लेडी या दिवसांत भरपूर असते. तिच्या पुढच्या पंखांच्या टोकाला काळ्यावर पांढरे ठिपके असतात. मेडो आर्गस हे आपल्याकडच्या पॅन्सी फुलपाखरांचं जवळचं नातेवाईक, त्याच्या पंखांवर डोळ्यांसारखी ठसठशीत वर्तुळं असतात. सूर्यपतंगावर अशी वर्तुळं नसतात. गवतात अगदी खाली भिरभिरणारं निळसर, नखाएवढं फुलपाखरू म्हणजे कॉमन ग्रास ब्लू. काळ्या-पांढऱ्या पंखांचा दिवसा उडणारा पतंग दिसला तर तो मॅगपाय मॉथ.

फोटो पाठवताना वरून एक आणि बाजूने एक, असे दोन काढा. मिशा दिसल्या तर उत्तमच. आणि ज्या गवतावर होता त्याचाही एक फोटो काढा. बऱ्याचदा मला गवतावरूनच उत्तर मिळतं.

कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी जावं?

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. मेलबर्नच्या आसपास नोव्हेंबर आणि डिसेंबर हे खरे महिने. सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ. तापमान २० अंशांच्या वर, आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, आणि आधीच्या दोन दिवसांत पाऊस नाही. मेलबर्नमध्ये हे सगळं एकाच दिवशी जुळून येणं किती अवघड असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको.

प्रत्येक प्रौढ पतंग फक्त एक ते चार दिवस जगतो. पोटात काही जात नाही, अळी असताना साठवलेलं तेवढंच बळ. तरी हंगाम काही आठवडे चालतो, कारण सगळे एकदम बाहेर पडत नाहीत. एका दुपारी गेलात आणि दिसला नाही, तर 'इथे नाही' असं म्हणू नका. रीतसर सर्वेक्षण करणारेही एकाच जागेवर आठवड्याच्या अंतराने चार फेऱ्या मारतात. शिवाय जवळच्या, जिथे पतंग नक्की आहेत अशा जागी त्या दिवशी ते उडताहेत ना हे आधी बघून घेतात. ही पद्धत मला फार आवडते.

कुठल्या गवतात शोधायचं?

एका डिसेंबरात सोलापूरहून आई आली होती. तिला इथल्या माळावर घेऊन गेले. तिने नजर फिरवली, वाकून माती बोटांत चोळली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपलाच माळ." खाली काळी माती, उन्हाने पडलेल्या भेगा, मधूनमधून वर आलेले काळे दगड. परत येताना तिच्या साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती, तीही ओळखीची वाटावीत अशीच.

आई वरवरचं बोलत नव्हती. मेलबर्नच्या पश्चिमेचं हे मैदान लाव्हारसाने बनलं आहे, दख्खनच्या पठारासारखंच बेसॉल्टचं. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला त्या मानाने कालपरवाचा, त्यातला बराचसा गेल्या पन्नास लाख वर्षांतला. पण दोन्हीकडे बेसॉल्ट झिजून तीच जड, चिकट, उन्हाळ्यात तडकणारी माती झाली. झाडं कमी आणि गवत फार.

या मैदानावर तुम्ही वॅलबी ग्रास शोधायचं. शास्त्रीय नाव रिटिडोस्पर्मा, त्याच्या बऱ्याच जाती आहेत. बारीक पानांचे छोटे ठोंब, बहुधा गुडघ्याच्याही खाली. नोव्हेंबरात त्याचे तुरे पिकले की पांढरे, लोकरीसारखे मऊ दिसतात; सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खा पट्टा कापूस पिंजल्यासारखा दिसतो. हे पांढरे तुरे लांबून दिसले की गाडी थांबवावी.

पण नुसतं वॅलबी ग्रास असून भागत नाही. ठोंबांच्या मध्ये उघडी जमीन हवी. मादी चालत एका ठोंबापासून दुसऱ्याकडे जाते आणि ठोंबाच्या बुडाशी, काडी आणि मातीच्या फटीत अंडी घालते. एका मादीकडे शंभर ते दोनशे अंडी असतात. जिथे चालायला वाट नाही, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, तिथे तिचं काम अडतं. म्हणून दाट, कमरेएवढं, हिरवंगार रान बघून 'इथे नक्की असतील' असं वाटलं, तर उलटं समजा. विरळ, आखूड, पिवळं पडलेलं, कुणीही ओसाड म्हणेल अशी जागा बघा.

सोलापूर-नगरकडच्या माळरानांचं हेच झालं. सरकारी कागदावर 'पडीक', आणि त्याच पडीक जमिनीवर माळढोक नाचायचा. नान्नजचा माळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथलं गवत वाचायला वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे वॅलबी ग्रास नाही, चिलियन नीडल ग्रासच माजलंय. तिथे असू शकतो?

असू शकतो. हे दक्षिण अमेरिकेतून आलेलं तण, ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तरीही सूर्यपतंगाच्या अळ्या त्याच्या मुळांवरही जगू शकतात असं आढळलं आहे. त्यामुळे तण दिसलं म्हणून जागा सोडून देऊ नका. सरसकट तणनाशक मारायच्या आधी एक हंगाम तिथे बघून घ्यावं, असं मी आवर्जून सांगते. सेरेटेड टसॉक आणि फॅलारिस या दुसऱ्या दोन आगंतुकांनी मात्र जमीन व्यापली की देशी गवताला जागाच उरत नाही.

वर्षातले बाकीचे महिने हा कुठे असतो?

जमिनीखाली. साधारण तीन आठवड्यांत अंडी फुटतात, अळी मातीत शिरते आणि गवताची मुळं खात राहते. एक ते तीन वर्षं ती खालीच असते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे जो जीव आपण चार दिवस बघतो, त्याचं बाकी सगळं आयुष्य आपल्या बुटांखाली गेलेलं असतं.

बाहेर पडायच्या वेळी कोष मातीतून अर्धा वर सरकतो, पतंग निघून जातो आणि रिकामं तपकिरी टरफल ठोंबाशेजारी उभं राहतं. उडणारा पतंग दिसला नाही तरी अशी टरफलं शोधता येतात. गुडघ्यावर बसून, सावकाश. सापडलं तर तिथेच ठेवा, फोटो काढा.

तो किती दुर्मिळ आहे?

पूर्वी न्यू साउथ वेल्समधल्या बॅथर्स्टपासून कॅनबेरा, मध्य आणि पश्चिम व्हिक्टोरिया ओलांडून साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेवरच्या बॉर्डरटाउनपर्यंत त्याचा मुलूख सलग पसरला होता. आता त्याचे तुकडे उरलेत. २००२ साली केंद्र सरकारच्या कायद्याखाली त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं गेलं. पुढे जागोजाग सर्वेक्षणं झाली, नव्या जागा सापडल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याला 'असुरक्षित' या खालच्या वर्गात हलवलं.

'मग आता धोका टळला ना?' असं लगेच विचारलं जातं. टळलेला नाही. शोधणारे वाढले म्हणून जागा सापडल्या. गवताळ जमीन काही वाढली नाही. व्हिक्टोरियाच्या ज्वालामुखी मैदानावरचं मूळ गवताळ रान आता एक-दोन टक्क्यांच्या आसपासच उरलं आहे. त्यात नर योग्य गवत सोडून शंभर मीटरही पलीकडे जायला बघत नाही, मादी तर त्याहून कमी. मध्ये एक रुंद रस्ता आणि घरांच्या चार ओळी आल्या की दोन्हीकडचे पतंग कायमचे वेगळे होतात. एका बाजूचे संपले तर दुसरीकडून कोणी येत नाही.

तरी छोट्या तुकड्याला कमी लेखू नका. कॅनबेरात संसद भवनापासून जवळ, बार्टन भागातल्या सरकारी कचेऱ्यांच्या मध्ये यॉर्क पार्क नावाचा गवताचा एक तुकडा आहे. अर्ध्या हेक्टरहूनही लहान. तो या पतंगासाठी राखून ठेवलेला आहे.

आम्ही नव्या वसाहतीत घर घेतलंय. म्हणजे आम्ही याच्या डोक्यावर राहतोय का?

हा प्रश्न लोक जरा आवाज खाली करून विचारतात. मी सरळ उत्तर देते: शक्य आहे. आमचं घरही अशाच जमिनीवर उभं आहे.

मेलबर्नची वाढ पश्चिमेला आणि उत्तरेला करायची असं ठरलं तेव्हा केंद्र आणि राज्य सरकारांनी २०१० च्या सुमाराला एक योजना केली. वाढीच्या हद्दीतलं बरंचसं गवत जाऊ द्यायचं, विकासकांकडून त्याबद्दल आकार घ्यायचा, आणि त्या पैशातून शहराच्या पश्चिमेला १५,००० हेक्टरचं गवताळ राखीव क्षेत्र उभं करायचं. त्या आकारात सोनेरी सूर्यपतंगाच्या अधिवासासाठी वेगळी रक्कम धरलेली आहे. जमीन २०२० पर्यंत ताब्यात यायची होती. त्या वर्षी राज्याच्या महालेखापरीक्षकांनी तपासलं तेव्हा जेमतेम १० टक्के जमीन मिळालेली होती. दरम्यान तण वाढतंच राहिलं.

घर घेतलं म्हणून अपराधी वाटून घ्यावं असं मला वाटत नाही. पण आपल्या वसाहतीशेजारी कुंपण घातलेला गवताचा तुकडा असेल, तर तिथे कापलेलं लॉन, रोपांची माती, दगडविटा टाकू नयेत. एकदा मी अशाच एका तुकड्यात बांधकामाची माती ओतलेली पाहिली. वरून कचऱ्याचा ढीग दिसत होता. खाली तीन वर्षांच्या अळ्या होत्या.

गवत वाढू द्यायचं की कापायचं?

आखूड ठेवायचं, पण वेळ बघून. इथले आदिवासी हजारो वर्षं हे मैदान ठरावीक काळाने जाळत होते आणि मरनॉंग नावाच्या पिवळ्या फुलाच्या वनस्पतीचे कंद खणून खात होते. १८३५ च्या सुमाराला मेंढ्या आल्या आणि ती पद्धत मोडली. जाळणं, चरणं, कापणं यांतलं काहीच झालं नाही तर कांगारू ग्रास इतकं दाटतं की मधली उघडी जमीन नाहीशी होते. हे थेमेडा ट्रायन्ड्रा म्हणजे परदेशी गवत नव्हे, ते भारतातही उगवतं. सूर्यपतंगांच्या उडण्याच्या दिवसांत मात्र यंत्र किंवा आग नको. नांगर तर कधीच नको, नांगरट झाली की अळ्या आणि देशी गवत दोन्ही एका दिवसात जातात.

पकडून आणून आमच्या बागेत सोडला तर वाढेल का?

नाही, आणि तसं करू नका. संरक्षित जीव आहे, परवान्याशिवाय पकडता येत नाही. शिवाय चार दिवसांच्या आयुष्यातला एक दिवस त्याचा डबीत जाईल. बागेत वॅलबी ग्रास लावायचं असेल तर जरूर लावा, देशी रोपवाटिकांमध्ये मिळतं. पतंग येईल या आशेने लावू नका. शंभर मीटरचा हिशोब वर दिलाच आहे.

नोंद कुठे करायची?

आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदी करायच्या संकेतस्थळावर फोटो टाका. तिथून नोंदी अॅटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया या देशभरातल्या सजीवांच्या नोंदसंग्रहापर्यंत पोचतात. तारीख, वेळ, किती दिसले, नर की मादी, आणि गवताचा फोटो एवढं पुरे. व्हॉट्सअॅप गटांवर नेमकी जागा टाकू नका, मीही या पानावर मुद्दाम एकही जागा अचूक सांगितलेली नाही.

आणि इतर काही दिसलं तर तेही टिपा. बिनपायांची पट्टेदार पाल याच गवतात राहते. १९६९ नंतर कुणालाच न दिसलेला, संपलाच असं धरलेला कर्णहीन ड्रॅगन सरडा २०२३ मध्ये मेलबर्नच्या पश्चिमेला याच गवतात पुन्हा सापडला.

हा महाराष्ट्रात कधी दिसेल का?

हा नाही. पण दिवसा उडणारे देखणे पतंग सह्याद्रीतही आहेत. निळ्या-काळ्या पंखांच्या ब्लू टायगर मॉथला तर बहुतेक लोक फुलपाखरूच समजतात. तो जंगलातला, हा माळावरचा. सुट्टीत गावी गेलात की तिकडच्या पवन्या, मारवेल, कुसळीच्या माळावर दुपारचं बसून बघा काय काय उडतं.

आई-बाबांना आणि मुलांना घेऊन जाता येईल का?

जरूर न्या. घोट्यापर्यंतचे बूट आणि लांब पँट घाला. उन्हाळ्यात या गवतात टायगर स्नेक आणि ब्राउन स्नेक असतात, दोन्ही विषारी. मुलांना पुढे पळू देऊ नका. आगबंदीच्या दिवशी जाऊ नका. कुंपण असलेल्या जागेत न शिरता बाहेरूनही चांगलं दिसतं.

लहान मुलांना शोधायला लावू नका, एका जागी उभं राहायला सांगा. वीसेक मिनिटं. आईबरोबर गेले होते तेव्हा पहिला नर तिच्या कमरेच्या उंचीवरून गेला आणि तिला दिसलाही नाही. तिसरा तिला दिसला. मग तिने बोट दाखवलं ते खाली, ठोंबाशेजारी: "ते केशरी काय आहे गं?" मी चार वर्षांत पाहिलेली ती दुसरीच मादी होती.